बगलेत आलेला कोबी

यंदा माघात थंडी अशी पडली की सकाळी तांब्याला हात लावला तर हात आपोआप मागे येतो. केळीला ही थंडी सोसत नाही. पानं करपतात, घड निसवायला वेळ लागतो. माझा मुलगा मधू पहाटे बागेच्या कडेला ओल्या काडीकचऱ्याचा धूर करतो आणि उजाडल्यावर घरी येतो, तेव्हा त्याच्या मफलरला तो वास असतो. तो वास नाकात गेला की मला एक जुना हिवाळा आठवतो आणि छाती हलकी होते. घरात हे मी बोलत नाही. केळीवाल्या माणसाने थंडीवर खूश व्हावं हे शोभत नाही.

मागच्या आठवड्यात चष्म्याच्या कामाला पाचोऱ्याला गेलो होतो. भाजीच्या एका नव्या दुकानात पांढऱ्या तबकडीत, वर प्लास्टिक ताणून, बोरांएवढे कोबी मांडले होते. मी तबकडी उचलली, उलटी करून पाहिली.

"बाबा, ते आपल्याकडचं नाही," दुकानदार म्हणाला. "हॉटेलवाले नेतात."

"झाड कुठे आहे?"

"कसलं झाड?"

"याचं. पानं, शेंडा, खोड."

"एवढंच येतं बाबा."

"मग बाकीचं ज्याने फेकलं त्याला अक्कल नाही," मी म्हटलं.

तो हसला. म्हणाला, "तुम्ही कुठे पाहिलं याचं झाड?"

"चाळीस लावली होती," मी म्हटलं आणि निघालो. चाळीसातल्या सव्वीस झाडांचं मी माझ्या हाताने काय केलं ते त्याला सांगितलं नाही. भर बाजारात सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहायला बसलोच आहे तर इथे सांगतो.

गावात तेव्हा टीव्ही दोनच घरांत होता. मधूचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. सून उज्ज्वला धुळ्याची, पांझरा नदीपलीकडच्या देवपुरातली. तिचे वडील कचेरीत कारकून. ती कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, तिसरं राहिलेलं. मी चौथीत शाळा सोडली, कारण गुरुजींनी मला विनाकारण उभं केलं आणि ते बस म्हणेपर्यंत न थांबता मी सरळ घरी गेलो. पुन्हा गेलो नाही. मराठी वाचता येतं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि ते कोणाला विचारायची सवयही कधी लावून घेतली नाही.

दिवाळीआधी व्याही आले होते. त्यांनी खिशातून एक बियाण्याचं पाकीट काढलं. चकचकीत कागद, त्यावर इंग्रजी, आणि खाली चित्र. हिरव्यागार कोब्यांचा ढीग.

"कचेरीतल्या एका साहेबाने दिलं," व्याही म्हणाले. "विलायती कोबी आहे म्हणे. मला यातलं काय कळतं. आबा, तुमच्याच हातात शोभेल."

त्या चित्रात ढिगाशेजारी माणूस नव्हता, टोपली नव्हती, विळा नव्हता. मोठं-लहान कशावरून ठरवायचं? विलायती म्हणजे आपल्यापेक्षा मोठंच असणार, असं मी धरून चाललो. पारावर सांगून टाकलं की माघात माझा कोबी न्यायला बैलगाडी लागेल, एकेक गड्डा दोघांनी उचलायचा. शेजारच्या शेतातला धनाभाऊ तिथे बसला होता. तो म्हणाला, "आबा, माले एक पान दी ठेव. घरवर घालसू, पत्रा वाचतीन."

विहिरीजवळ दोन ओळीत चाळीस रोपं लावली. शेणखत घातलं, राख घातली. रोपं जोरात उठली. त्या हिवाळ्यात हवा अशी होती की विहिरीतून सकाळी वाफ निघायची आणि मोटारीचा आवाज लांबच्या शेतापर्यंत जायचा. कपाशी वेचून झालेली, बायकांच्या ओच्यांना अजून कापूस चिकटलेला. भरताची वांगी काटेरी आणि पांढरट हिरवी. मी उठलो की आधी कोबीकडे जायचो, मग केळीकडे. मधूची आई म्हणायची, "त्या कोबीलेच चहा पाजा आते."

त्याच दिवसांत एका सकाळी उज्ज्वलाने मला विचारलं. आमच्यात सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही, सासूच्या आडून बोलते. ती पदर सारखा करून समोर उभी राहिली.

"आबा, बाहेरून परीक्षा देता येते. संक्रांतीनंतर फॉर्म भरायचा आहे. महिना-दीड महिना देवपूरला राहावं लागेल. देऊ का?"

आमच्या पलीकडच्या गल्लीतली एक सून अशीच परीक्षेला म्हणून माहेरी गेली होती. तिकडेच राहिली. दोनदा माणसं पाठवली, तिसऱ्यांदा कोणी गेलं नाही. तिचा नवरा मधूच्याच वयाचा. तो पुढे पारावर बसायचा तेव्हा लोक विषय बदलायचे. उज्ज्वला बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या जागी मधू बसलेला दिसत होता. पण भीती वाटते असं मी माझ्या बापालाही कधी म्हटलं नाही, सुनेला काय म्हणणार.

मी म्हटलं, "केळीजवळ पील ठेवं तं घड बारीक ऱ्हास. पील कापनं पडस."

केळीच्या बुंध्याशी नवे कोंब येतात, त्यांना आम्ही पील म्हणतो. ते आईचं खातं. म्हणून दर पंधरा दिवसांनी विळ्याने कापायचं, म्हणजे सगळा जोर घडात जातो. चाळीस वर्षं मी हेच केलं होतं. हात झोपेतसुद्धा पील ओळखतो. संसाराचंही तसंच, एकच घड धरायचा, असं मला सांगायचं होतं.

ती म्हणाली, "बरं, आबा."

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. काम सगळं करायची. विचारलं तर हो, नाहीतर नाही. ताटात भाकरी यायची, पाण्याचा तांब्या यायचा, बांगड्यांचा आवाज यायचा, पण माणसाचा यायचा नाही. मधूही गप्प. सकाळी न जेवता बागेत जायचा. घरात चार माणसं आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्वयंपाकघरात ऐकू यायची.

"तिना बाप संक्रांतले लेवाले येई," मधूची आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "ती जाई. मंग काय करशात?"

"पहिली संक्रांत, माहेरी जातेच पोरगी."

"मी जावानं नही म्हनत. येवानं म्हनस."

मी ताट तसंच ठेवून उठलो.

इकडे कोबी वाढत होता, पण चुकीच्या बाजूने. गड्डा धरायचं नाव नाही. खोड सरळ वर, कमरेपर्यंत, त्याला सगळीकडून पळीसारखी पानं, आणि डोक्यावर मोकळा शेंडा. धनाभाऊ बांधावर उभा राहून म्हणायचा, "आबा, हाई कोबी शे का ताड शे? ताडी निंघनी तं माले बलाव."

मग प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक हिरवी गाठ दिसू लागली. आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी. मी पाहिलं आणि मला सगळा उलगडा झाला. पील. हीच वरच्या गड्ड्याचं खातायत. विळ्याचं टोक घालून मी एकेक गाठ उडवायला सुरुवात केली. शेंड्याला थंडी लागू नये म्हणून केळीच्या खोडावरच्या वाळल्या सोपटाने पानं वर गोळा करून बांधली, लहान पोराला कानटोपी बांधावी तशी. रोज तीन-चार झाडं साफ करायचो. म्हैस त्या गाठी आवडीने खायची. दुधाला कोबीचा वास येतो म्हणून मधूची आई ओरडली, तेव्हा मी त्या पाटीत भरून सावलीत ठेवू लागलो. का ठेवल्या ते माहीत नाही. हिरवं फेकवत नाही.

केळीचं मी कधी काही फेकलं नाही. फूल भाजीला, पान जेवायला, खोडाचा गाभा मीठ लावून, सोपटाचे दोर, उरलेलं म्हशीला. माझा बाप म्हणायचा की झाड उभं केलं तर पूर्ण खाल्लं पाहिजे, नाहीतर उभं करू नये. त्याच्या बोलण्यात मला एवढीच एक गोष्ट कधी खटकली नाही.

संक्रांतीला आठ दिवस होते. मी सव्विसाव्या झाडाशी वाकलो होतो. उज्ज्वला न्याहारी घेऊन आली. रोज ती गाठोडं बांधावर ठेवून परत जायची. त्या दिवशी ती थांबली. पाटीत पाहिलं, माझ्या हातातल्या विळ्याकडे पाहिलं.

"आबा, हे काय करताय?"

किती दिवसांनी ती आपण होऊन बोलली होती. मी मान वर न करता म्हटलं, "पील काढतोय."

"आबा, हाच कोबी आहे."

"कुठे?"

"हाच. पाटीतला. हा असाच येतो, बगलेत, एवढाच. वर गड्डा येतच नाही. उलट वरचा शेंडा खुडायचा असतो, म्हणजे हे भरतात. पाकिटावर लिहिलंय."

पाकीट मधूच्या आईने सुया ठेवायला घेतलं होतं. ते स्वयंपाकघराच्या फळीवर दोन महिने पडलं होतं, आणि ही रोज त्या फळीखाली बसून भाकरी करत होती.

"तुला कधीपासून माहीत?"

"दिवाळीपासून."

"मग बोलली का नाही?"

तिने भाकरीचं गाठोडं सोडलं, ठेचा वर काढून ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही. आणि मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तुम्ही पिलाचं सांगितलं. मला वाटलं, आबांना पिलाचं जास्त कळतं."

मी बांधावर बसलो. थंडी होती तरी कानामागे घाम आला. सव्वीस झाडं नागडी उभी होती, डोक्याला कानटोप्या बांधून. चौदा राहिली होती. पलीकडे धनाभाऊच्या बैलाची घंटा वाजत होती आणि ती जवळ येत होती.

ती पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं रडतेय. नंतर कळलं, कानटोप्यांकडे पाहून हसू आवरत होती.

"यातलं काही फेकायचं नाही," मी म्हटलं.  "एक पान नाही. पाटी घरी ने."

आमच्या घरात पुढचे आठ दिवस जे चाललं ते मला आजही वासासकट आठवतं. पाटीतल्या गाठी मधूच्या आईने शेंगदाणे-तिळाचा मसाला भरून करायला घेतल्या. चार भरल्या आणि म्हणाली, "हाई भरतां भरतां मनी उमर सरी." उज्ज्वला सासूला म्हणाली, "अक्का, द्या इकडे." तिने त्या काड्यांच्या जाळात वांग्यांबरोबर टाकल्या. बाहेरची पानं जळून काळी झाली, ती बोटांनी सोलली, आत पिवळट, गोड, थोडं कडवट असं निघालं. भरतात ते ठेचून घातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर मधूने चौथी भाकरी मागितली. त्या महिन्यात त्याने पहिल्यांदा काही मागितलं.

शेंडे खुडले आणि लसूण-मिरचीवर परतले. मोठी पानं वाफवून वड्या केल्या. पानांचे जाड देठ बारीक चिरून फुणक्यांच्या, म्हणजे वाफवलेल्या मुटक्यांच्या, डाळीत घातले, वर कढी. साफ झालेली खोडं मी स्वतः सोलली. वरची साल लाकडासारखी, पण आतला गाभा पांढरा आणि रसाळ, थेट केळीच्या गाभ्याचा भाऊ. चुलीपुढे बसून मीठ लावून खाल्ला. तीन-चार पानं म्हशीला, मोजून, दुधाला वास येणार नाही एवढीच. सालं आणि मुळं उकिरड्यात. एकेका वस्तूवरून दोघी बोलायच्या. हे चिरू का, हे उकडू का, हे कडू लागेल का. बोलणं भाजीचं होतं, पण बोलणं होतं. मी ओट्यावर बसून नुसतं ऐकायचो. घड्याळाचा आवाज येईनासा झाला होता.

धनाभाऊ वासावर आला. ताटातलं खाल्लं, बोटं चाटली, मग विचारलं, "आबा, दोन मानसे उचलतीन तो गड्डा कोनता?"

"तू खाल्ला तो," मी म्हटलं.

"मी तं एकलानीच उचला."

घरात सगळे हसले. माझ्यावर कोणी हसलेलं मला खपत नाही. त्या दिवशी खपलं.

पण संक्रांत जवळ येत होती. मी विहिरीजवळ त्या चौदा झाडांपाशी जाऊन बसायचो. शेंडे खुडल्यावर त्यांच्या बगला भरत चालल्या होत्या. खालपासून वरपर्यंत, पायरी पायरीने. एका झाडाला किती, मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. चाळीस वर्षं एकच घड धरणारा माणूस मी. इथे घड नव्हताच. ज्याला मी झाडाचं खाणारं समजलो होतो त्याच्याचसाठी झाड उभं होतं. हे मला कोणी पारावर सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. झाडाशी भांडता येत नाही.

व्याही आले. जेवायला तीच भाजी. ते संकोचून म्हणाले, "आबा, मला खरंच वाटलं होतं मोठा कोबी असेल. पाकीट मी वाचलंच नाही."

"इंग्रजी येतं आणि वाचलं नाही," मी म्हटलं. "मग तुमच्यात-माझ्यात फरक काय राहिला?"

ते हसले, पण हात ताटातच होता. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. आतल्या दाराशी बांगड्या थांबल्या होत्या. मधू भाताचा घास तसाच धरून बसला होता. मी पाणी प्यालो, तांब्या खाली ठेवला.

"फॉर्म भरी टाका तिना," मी म्हटलं.

 मग मी दाराकडे न पाहता म्हटलं, "जाय. परीक्षा दी ये. एक झाड मी बियाणासाठी ठेवस. परत यीसन बी तूच धर."

माहेरी संक्रांत करून ती परत आली, आणि होळी झाल्यावर सामान घेऊन परीक्षेला गेली. तिच्या पिशवीत मधूच्या आईने शेवटच्या झाडांचे कोबी भरले. तेरा झाडं आम्ही संपवली होती. एक उभं होतं.

ते झाड मी कसं जपलं ते मलाच माहीत. फाल्गुन सरला आणि खानदेशाचं ऊन पेटलं. जमीन दुपारी चपलेतून भाजते. विलायती झाड ते, त्याला हे कुठे माहीत. मी त्याला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव केला, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. पानं पिवळी पडली, गळाली. देवपूरहून पत्र आलं, मधूला. त्याने वाचलं आणि खिशात ठेवलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पलीकडच्या गल्लीतला तो मधूच्या वयाचा माणूस रस्त्यात भेटला की मी दुसऱ्या वाटेने जायचो. एका सकाळी झाड वाळून नुसती काठी राहिलं. मी ते उपटलं. मुळापासून शेंड्यापर्यंत पानांचे वण, एकावर एक. मधूच्या आईला सांगितलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं.

परीक्षा संपायचा दिवस मला माहीत होता, यायचा माहीत नव्हता. मी फाट्यावर जाऊ लागलो. घरी सांगायचो की मोटारीच्या पट्ट्याचं पाहून येतो. फाट्यावर पट्टा मिळत नाही, चहा मिळतो. पारोळ्यावरून येणारी धुळ्याची एसटी दुपारी यायची. एक दिवस आली, दोन माणसं उतरली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी. हातात ती वाळकी काठी मी नेत होतो, टेकायला.

तिसऱ्या दिवशी गाडी थांबली, धूळ उडाली. धूळ खाली बसेपर्यंत मला काही दिसलं नाही. आधी पिशवी दिसली. मग ती.

 मी काठीवर थोडा जास्तच भार दिला.

"आबा, तुम्ही इथे कसे?"

"पट्टा पाहायला आलो."

तिने काठीकडे पाहिलं. वण ओळखले. "हे झाड?"

"बी धरलं नाही," मी म्हटलं. "उन्हाने नेलं."

तिने पिशवी खाली ठेवली. पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. तसंच चकचकीत, तशीच इंग्रजी अक्षरं, हिरव्या गोळ्यांचं तसंच चित्र. धुळ्याच्या बाजारात शोधून आणलं होतं. मी ते इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. उन्हात धरलं. मग तिच्याकडे परत दिलं.

"काय लिखेल शे," मी म्हटलं, "वाच."

फाट्यापासून घर दीड मैल आहे. दोन्ही बाजूंना केळीची बाग, सावली आणि पाण्याचा गारवा. पिशवी मी घेतली, काठी तिने घेतली. ती पुढची बाजू वाचत होती, मग मागची, मग अगदी खालची बारीक अक्षरं, आणि प्रत्येक ओळीचं मराठी करून सांगत होती. कधी पेरायचं, किती अंतर ठेवायचं, शेंडा कधी खुडायचा. मी मध्ये दोनदा म्हटलं, पुन्हा वाच. ती पुन्हा वाचत होती. घर आलं तेव्हा अजून दोन ओळी राहिल्या होत्या, म्हणून आम्ही दाराबाहेरच थांबलो आणि त्या संपवल्या.